मी तिला विचारलं

विमलअक्का बसून गोष्ट ऐकायच्या नाहीत. एका कानात इअरफोन, दुसरा गळ्यावर लोंबकळता, मोबाईल पदरात गुंडाळलेला आणि गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. गोष्टीत काही आणीबाणीचं आलं की मध्येच थांबून गोष्टीतल्या माणसाला दटावायच्या, "हात लावू नको. आधी नीट बघ." मी या इमारतीत नवीन राहायला आले होते आणि कपडे वाळत घालायला वर गेले होते. मला वाटलं, मलाच म्हणताहेत. ओला टॉवेल हातात धरून मी तशीच उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला नाही हो. मुडदा सापडलाय."

अक्का मूळच्या धरणगावच्या. सगळी नोकरी जळगावच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून झाली, त्यातली बरीचशी जळीत वॉर्डात. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर भुसावळला आमच्या इमारतीत दोन खोल्या घेऊन राहिल्या. काचबिंदूने डोळे अधू झाले, पेपर वाचणं सुटलं, तेव्हा पुण्याच्या भाच्याने मोबाईलवर गोष्टी ऐकायची सोय करून दिली. भक्तिगीतं नकोत, कौटुंबिक नकोत. अक्कांना खून लागायचा.

त्या उन्हाळ्यात एका खुनाच्या गोष्टीने आमची अख्खी गच्ची धरली. इन्स्पेक्टर कालिंदी नावाची बाई त्यात तपास करते. ती हसत नाही, रडत नाही, मेलेल्या मुलाच्या आईसमोर उभी राहून पहिला प्रश्न विचारते, "शेवटचं दार कोणी लावलं?" भुसावळचं ऊन कललं की आम्ही चौघी वर जमायचो आणि कालिंदीवर तोंडसुख घ्यायचो. तळमजल्यावरच्या मंदाकाकू दर भागाला झोपून जायच्या आणि उठल्यावर विचारायच्या, "आता कोण गेलं?" तरी त्यांचं मत ठाम होतं, नवऱ्यानेच केलंय. मला वाचणाऱ्या बाईचा आवाज सपाट वाटायचा. आणि शैलाताई, आमच्या शेजारच्या, लोणच्याची बरणी नेहमी उघडी ठेवणाऱ्या, मायाळू. त्या तर मुलाच्या प्रसंगाला ढसाढसा रडल्या होत्या. त्या म्हणायच्या, "बाईच्या जातीला थोडी माया नको का गं? ही बाई आहे की दगड?"

अक्का चालता चालताच उत्तर द्यायच्या. "ती थंड नाही. तिला काम आहे."

मोबाईलवर त्या गोष्टीखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते मी अक्कांना वाचून दाखवायची. कोणाला कालिंदी आवडली होती, कोणाला तिचा राग आला होता, एकाने तर 'हिला कधीतरी हसवा' अशी विनंती केली होती. ऐकता ऐकता अक्का माझ्या स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत येरझारा घालायच्या. एकदा म्हणाल्या, "माझंही लिही, नीता." मी लिहून घेतलं: 'कथा बरी. डॉक्टर खोटा वाटतो. बाई खरी आहे.' किती चांदण्या द्यायच्या विचारलं, तर चार म्हणाल्या. एक का कापली? "मुडद्याला इतक्या लवकर वास येत नसतो."

एका संध्याकाळी शैलाताईंची सून, महेशची बायको प्रिया, वाळत घातलेल्या कुरडया न्यायला वर आली. धुळ्याची पोर, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. डाव्या हाताला मनगटापासून पट्टी होती. मी "अगं, काय झालं?" म्हणेपर्यंत शैलाताई म्हणाल्या, "बाथरूममध्ये घसरली. लक्ष कुठं असतं या मुलींचं."

अक्का थांबल्या. कानातला इअरफोन काढला. "काय झालं, प्रिया?"

"सांगितलं ना अक्का, घसरली," शैलाताई म्हणाल्या.

"मी तिला विचारलं."

मंदाकाकूंची झोप उडाली. प्रिया कुरडयांच्या ताटाकडे बघत म्हणाली, "घसरले."

"बरं," अक्का म्हणाल्या. "मी सकाळी इथं चालते. येत जा."

मला त्यांचा राग आला होता. चारचौघींत असं विचारतात का? पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी शाळेत शिकवायला जाताना मी वर पाहिलं की दोघी दिसायच्या. इअरफोनची एक वायर अक्कांच्या कानात, एक प्रियाच्या. वायर आखूड, म्हणून खांद्याला खांदा लावून चालायच्या. प्रियाला गोष्ट कशी वाटते, असं मी एकदा जिन्यात सहज विचारलं. ती थोडा विचार करून म्हणाली, "कालिंदी आवडते मला. बाकी सगळे विचारतात, तू काय केलंस. ती विचारते, काय झालं."

त्याच आठवड्यात अक्का माझ्याकडे आल्या. बस म्हटलं तर बसेनात. खिडकीशी गेल्या, परत आल्या, फ्रिजवर हात ठेवला, काढला. "तिने सांगितलं," म्हणाल्या. "महेश मारतो. दार लावून घेतो. सासूला माहीत आहे, ती टीव्हीचा आवाज वाढवते." मग बराच वेळ नुसत्या फिरत राहिल्या. मी चहा टाकला, तो निवला. मग म्हणाल्या, "वॉर्डात पोरी यायच्या. सगळ्या एकच वाक्य बोलायच्या, स्टोव्हचा भडका उडाला. बठ्ठ्या, एकूणएक. नवरा उशाशी उभा असायचा. मी मलम लावायची, सलाईन बघायची. हात चांगला होता माझा, दुखू द्यायची नाही. पण त्याला कधी म्हटलं नाही, तू जरा बाहेर जा, मला हिला विचारायचंय. ते माझं काम नव्हतं." त्यांनी कप उचलला आणि न पिता ठेवला. "रात्रीची झोप नाही मला, नीता. नोकरी सुटली तेव्हापासून नाही."

आणि मग एक दिवस, सकाळी अकराचा सुमार असेल, दार वाजलं. शाळेला सुट्टी होती. शैलाताई वरणगावला लग्नाला गेल्या होत्या, महेश कामावर. दारात अक्का, मागे प्रिया, खांद्याला पिशवी, ओठ फुटलेला.

"चप्पल घाल. धुळ्याला जायचंय. मला बसच्या पाट्या दिसत नाहीत."

मी म्हटलं, "अक्का, त्यांच्या घरातलं प्रकरण आहे. उद्या आपल्यालाच राहायचंय इथं."

"राहू की," अक्का म्हणाल्या. "चल."

आधी त्यांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना म्हणाल्या, "मार लागलाय. तसंच लिहा." मगच आम्ही बस धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. प्रियाचा फोन एकसारखा वाजत होता. मागून गाडी आली की मी वळून बघायची. प्रियाने एकदा फोन उचलायला हात घातला, तर अक्का म्हणाल्या, "तुला बोलायचं असेल तर उचल. भीतीने उचलू नको." तिने फोन परत पिशवीत टाकला.

प्रियाचे वडील, नाना, धुळ्यात देवपूरला पिठाची गिरणी चालवत. मुलीला दारात पाहून त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीतीच आली. आत घेण्याआधी त्यांनी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. मग अक्कांना म्हणाले, "लोक काय म्हनतीन, अक्का? तिले समजाडा. दोन दिवस ऱ्हाई आनि जाई परत."

अक्का इतका वेळ शुद्ध मराठीत बोलत होत्या. आता त्यांच्या तोंडी धरणगाव आलं. "नाना, पोर घर उनी शे. पहिले पानी द्या तिले."

नाना हलले नाहीत. अक्काही हलल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उन्हात तशाच उभ्या, चेहऱ्यावर काही नाही. शेवटी प्रियाची आई आतून तांब्या घेऊन आली आणि मुलीचा हात धरून तिला आत घेऊन गेली. नानांनी पिठाचे हात धोतराला पुसले आणि तोंड फिरवून रडायला लागले. अक्कांनी त्यांना रडू दिलं. मग दवाखान्याचा कागद काढून कुठे जायचं, कोणाला भेटायचं, हे एकेक करून सांगितलं.

परतल्यावर इमारत आमच्यावर उलटली. शैलाताई जिन्यात उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "जिला स्वतःचं घर नाही, ती दुसऱ्याचं मोडते." गच्चीला कुलूप लागलं. मंदाकाकूसुद्धा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "खरं असेलही गं, पण जरा मायेने घ्यायला हवं होतं." मी हे अक्कांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "कुणावर माया?" आणि खालच्या बोळात चालायला लागल्या, भिंतीला हात लावत, कारण बोळातले खड्डे त्यांना दिसायचे नाहीत.

थंडीच्या सुरुवातीला अक्का गेल्या. सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही. भाचा येईपर्यंत मंदाकाकू आणि मी त्यांच्याजवळ बसलो. बुद्धवंदनेला धरणगावचे नातेवाईक आले, वॉर्डातल्या दोन जुन्या नर्स आल्या, धुळ्याहून प्रिया आणि नाना आले. शैलाताईंचं दार बंद होतं.

प्रियाने महेशवर टाकलेली केस अजून चालू आहे. अक्का होत्या तोवर प्रत्येक तारखेला त्या जायच्या, मी फक्त पाट्या वाचायला. त्या गेल्यावर पुढची तारीख जवळ आली तसा नानांचा फोन आला. काही वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "ताई, आता कोण येईल हो संगे?" मी येते म्हटलं. फोन ठेवल्यावर दिवसभर मला काही सुचलं नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकं समोरासमोर होती. एका बाकावर महेश आणि शैलाताई, दुसऱ्यावर नाना, प्रिया आणि मी. शैलाताई पार वाळल्या होत्या. बराच वेळ त्या माझ्याकडे बघत होत्या. मग रागाने नाही, अगदी थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "तुझा काय संबंध गं, नीता? तू कोण लागतेस हिची?"

अक्का असत्या तर काय म्हणाल्या असत्या, ते मला सुचेना.

"शेजारीण," मी म्हटलं.

आतून प्रियाच्या नावाचा पुकारा झाला. आम्ही उठलो.