लांबच्या रस्त्याने

विमानतळातून बाहेर पडलं की डाव्या हाताला काचेची एक खिडकी लागते. तिच्यामागे बसणाऱ्या बाईंना सगळे चौकशीबाई म्हणत. शहरात कसं जायचं, या एकाच प्रश्नाला त्या एकोणीस वर्षं उत्तर देत आल्या होत्या. पण उत्तर माणूस बघून द्यायच्या. एकच बॅग आणि सारखं घड्याळाकडे लक्ष, तर रेल्वे. लेकुरवाळी असली तर टॅक्सी. घाईच नसली तर सात नंबरची बस. ती बस गावभर हुंदडत, दर चौकात विसावा घेत सव्वा तासाने पोचायची. तिचं नाव काढलं की माणसं हसून टॅक्सीकडे वळत.

बाई स्वतः विमानात कधी बसल्या नव्हत्या. त्यांची एकुलती एक लेक मात्र साडेचार वर्षांपूर्वी याच दारातून परदेशी गेली, नर्सच्या नोकरीवर. फोन रोज यायचा, नाही असं नाही. पण "जेवलीस का?" आणि "थंडी आहे का गं?" याच्या पुढे बोलणं सरकायचं नाही. मनातलं सगळं बाईंनी भेटीसाठी राखून ठेवलं होतं. काचेचं दार सरकून लेकीच्या चणीची एखादी मुलगी बाहेर आली की त्यांच्या काळजात लक्कन हलायचं. मग ती मुलगी जवळ येऊन विचारायची, "शहरात जायला काय मिळेल?"

एके दिवशी लेक फोनवर म्हणाली, "आई, येतेय मी. चारच दिवस मिळालेत."

बाईंनी रजा टाकली आणि बेत पक्का केला. लेकीला सात नंबरनेच घरी न्यायचं. एकदा घरी पोचलं की शेजारीपाजारी, मामा-मामी, मैत्रिणी. पोरगी वाट्याला कसली येतेय? बसमध्ये सव्वा तास ती आपली एकटीची.

शेजारच्या तिकीट खिडकीवरचे काका हसले. "अहो, दुनियेला जवळचा रस्ता सांगता आणि पोटच्या पोरीला सात नंबर?"

"दुनियेला घाई असते हो," बाई म्हणाल्या. "मला कुठे आहे?"

त्या सकाळी दार सरकलं आणि खरंच तीच आली. दोन अवजड बॅगा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आईच्या गळ्यात पडून ती कितीतरी वेळ तशीच राहिली.

"वाळलीस गं."

"तूच वाळलीयस. चल, टॅक्सी बोलावलीय मी. दोन मिनिटांत येईल."

"अगं, ती बघ सात नंबर लागलीय. रिकामी आहे अगदी..."

"आई! या बॅगा घेऊन सात नंबर? दोन दिवस पाठ टेकलेली नाही मी."

बाईंनी बॅगांकडे पाहिलं, लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दुसरी कुणी असती तर त्यांनी आपणहूनच टॅक्सी सांगितली असती. "खरंय तुझं," त्या म्हणाल्या, आणि बेत गिळून टाकला.

टॅक्सी सुटली तोच लेकीचं डोकं त्यांच्या खांद्यावर आलं. "बोल ना, ऐकतेय मी," असं पुटपुटून तिने डोळे मिटले. तिच्या केसांना कसल्याशा अनोळखी साबणाचा वास येत होता.

ड्रायव्हर म्हणाला, "पुलावरून घेतो, मावशी. वीस-पंचवीस मिनिटांत सोडतो."

"पुलावरून नको," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "खालून घ्या. बाजारातून, तळ्याच्या कडेने."

"अहो, तासभर जाईल! पावलापावलाला सिग्नल आहेत."

"जाऊ दे."

त्याने आरशातून मागे पाहिलं आणि निमूटपणे गाडी खालच्या रस्त्याला घातली. जन्मात पहिल्यांदाच बाईंना लाल सिग्नल बघून बरं वाटलं. असाच एक सिग्नल लागला असताना त्या हलकेच, झोपल्या लेकीला सांगू लागल्या. "तुझे बाबा गेल्यावर मी तुझी खोली भाड्याने देणार होते. माणसंही येऊन बघून गेली. पण नाही दिली. इतर दिवस निघतात गं कामात. रविवारी घर खायला उठतं."

"फोनवर का नाही सांगितलंस?" खांद्यावरून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

बाई दचकल्या. "सांगून काय? तिकडे रडत बसली असतीस."

"बसले असते. मग?" लेकीने डोळे उघडले. "मलासुद्धा रविवारच जड जातो, आई."

मग दोघींना बोलायला तोंड पुरेना. टॅक्सी दाराशी उभी राहिली तेव्हा लेक म्हणाली, "एवढ्यात आलो?" ड्रायव्हर नुसताच खाकरला.

चार दिवस पाहता पाहता उडाले. लेक परत गेली. मागे घर अजूनच मोठं वाटायला लागलं, ते काही खोटं नाही. पण आता रविवारी दुपारी फोन लांबतो. बोलायचं संपलं तरी दोघी फोन ठेवत नाहीत. पलीकडे ती भांडी घासत असते, इकडे बाई कपड्यांच्या घड्या घालतात, आणि मधूनच कुणीतरी विचारतं, "आहेस ना?"