लाल झाकण, हिरवं झाकण

"पाकीट फोडायच्या आधीच सांगतो, औषध लाल झाकणाच्या बाटलीत हाय," सोपानराव म्हणाले आणि त्यांनी वही माझ्या टेबलावर ठेवली. वहीत आठ आठवड्यांच्या नोंदी होत्या. लाल झाकणाच्या आठवड्यात 'हाकेला वळला', 'माझ्याकडं बघून हसला'. हिरव्या झाकणाच्या आठवड्यात 'काही नाही', पुन्हा 'काही नाही'. मी मनातून खूष होतो. राहुरीच्या दीड खोलीच्या दवाखान्यातून मेडिकल जर्नलला लेख जाणार होता. मथळासुद्धा ठरवून ठेवला होता.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. सोपानराव देवळाली प्रवरा गावचे ऊसबागायतदार. त्यांचा बाळू पाच वर्षांचा. बोलत नसे, नजर देत नसे, डब्याचं झाकण तासन्‌तास गरगर फिरवत बसे. मुंबईच्या डॉक्टरांनी कागदावर 'ऑटिझम' लिहून दिलं होतं. म्हणजे असं मूल मुळातच माणसांशी वेगळ्या रीतीनं वागतं, त्यात आईबापाची चूक नसते. तेव्हा हा शब्द मलाही पुस्तकात शोधावा लागला.

त्यातच सोपानरावांच्या परदेशातल्या मेव्हण्याने एक कात्रण पाठवलं. व्हिटॅमिनच्या मोठ्या डोसने अशी मुलं सुधारतात म्हणे. सोबत गोळ्यांची बाटली.

मी म्हटलं, "हे चार आईबापांनी सांगितलेलं आहे. मूल वाढता वाढता बदलतंच. गोळीनंच बदललं कशावरून?"

"मंग प्लॉट करू की. नवं खत आलं की आमी एका वाफ्याला घालतो, शेजारचा कोरा ठेवतो. फरक दिसला तर खरं."

मेडिकल कॉलेजात हे समजायला मला एक वर्ष लागलं होतं. पण मूल एकच, म्हणून आम्ही आठवड्यांचे वाफे केले. एक आठवडा औषध, एक आठवडा कोरा. मोठ्या डोसची मला धास्ती होती, म्हणून मात्रा बेताची ठेवली. माझे कंपाउंडर देशमाने यांनी गोळ्या कुटून एका बाटलीत भरल्या. दुसरीत नुसती दुधाची साखर आणि चवीला सारखं कडू लागावं म्हणून काडेचिराईत. एकीला लाल झाकण, एकीला हिरवं. औषध कुठलं हे माहीत असलं की माणसाला हवं तेच दिसतं. म्हणून ते फक्त देशमान्यांना ठाऊक, आणि त्यांची चिठ्ठी माझ्या कपाटात पाकीटबंद.

बाळूची आई सखूबाई तेव्हा एवढंच बोलल्या होत्या, "डॉक्टरसाहेब, पोरगं माझ्या पाठीला टेकून बसतंय. तेवढंच त्याचं माझ्याशी बोलनं. कडू पाजल्यावर ते ऱ्हाईल ना?"

"दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे," मी म्हणालो. त्या उत्तराची मला अजून लाज वाटते. तिसऱ्याच दिवसापासून बाळू चमचा दिसला की आईपासून पळू लागला.

मी पाकीट फोडलं. 'लाल – औषध.' सोपानरावांनी मांडीवर थाप मारली. मी पेन काढलं.

"लिहायच्या आधी माझं ऐका," नवऱ्यामागे बसलेल्या सखूबाई म्हणाल्या. "पयल्याच दिशी म्या दोनी बाटल्या परातीत वतल्या, कालवल्या आन् परत भरल्या."

"अगं, पर का?" सोपानराव.

"वाफा कोरा ठेवता येतो. पोर कसं ठिवू? हिरव्यात औषध न्हाई, एवढं मला कळत न्हाई व्हय?"

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "खताच्या वाफ्यावर लाल झेंडी लावत्यात, कोऱ्यावर हिरवी. समद्या गावाला ठावं हाय."

मी देशमान्यांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. त्यांचंही घर उसातलं, आणि लाल झाकण औषधाच्या बाटलीवर आपोआप गेलं होतं. मी पुण्याच्या पेठेत वाढलो. त्या झेंड्या पाखरं हाकलायला असतात अशी माझी समजूत होती.

म्हणजे आठही आठवडे बाळूच्या पोटात एकच भुकटी गेली होती. तरी लाल आठवड्यात हसला आणि हिरव्यात 'काही नाही'.

सोपानरावांनी वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. मग हळूच म्हणाले, "म्हंजे पोरगं सारखंच हुतं. मीच लाल आठवड्यात बघत हुतो."

"हिरव्यातबी वळायचा," सखूबाई म्हणाल्या. "तुमी हाकच मारत नव्हता."

भुकटी त्याच दिवशी बंद केली. बाळूला पुन्हा आईच्या पाठीला टेकायला तीन आठवडे लागले. सोपानराव मात्र रोज हाक मारू लागले. बाळू कधी वळे, कधी नाही.

लेख गेला नाही. त्या गोळ्यांबद्दल बरं किंवा वाईट, काहीच सिद्ध झालं नाही. मी दोन्ही बाटल्यांना पांढरी झाकणं मागवली, ती तशीच पडून राहिली. पण तेव्हापासून कुठलाही उपचार ठरवताना चमचा कोणाच्या हातात असणार आहे हे मी आधी विचारतो, आणि त्या माणसाचं म्हणणं पहिलं ऐकतो.