काटा हिरव्यातच होता

मधुभाऊ गेल्याचं मला फोन करून कळवलं ते दिनकररावांनी. "लय मोठा कारागीर गेला, विलासभाऊ," असं ते हळहळून म्हणाले आणि मला किळस आली. सव्वा महिना झाला, ती अजून उतरलेली नाही. शोकसभेतही पहिले बोलायला उभे राहिले ते हेच गृहस्थ.

मधुभाऊ आष्टीत ट्रॅक्टरची इंजिनं बांधायचे. सिलिंडरला बोअरिंग करून, म्हणजे आतून कोरून, नवा पिस्टन टाकला की पहिले पन्नास तास हलकं काम, भरलेली ट्रॉली ओढायची नाही, ही त्यांची अट. मला आकड्यांची खोड. पन्नासच का, असं मी विचारलं होतं. "सिलिंडरची नवी भित अन् पिस्टनच्या नव्या रिंगा, दोन्ही खरबरीत. घासून गुळगुळीत होतवरी गरमी काढतेत." पण डिझेलच्या जाळाची उष्णता त्याहून कितीतरी जास्त असते ना, मी म्हणालो. "हाय ना. पन घासायची गरमी जिथं तेलाचा पापुद्रा असते नेमकी तिथंच निंगते. पापुद्रा फाटला का पिस्टन भितीले धरलाच समज, इंजिन जाम." नक्की किती डिग्री वाढते? "ते मोजाले तूच आत जाऊन बसजो. थर्मामीटर नेजो संगं."

दिनकररावांचा ट्रॅक्टर त्यांनी असाच बांधून दिला. चौथ्याच तासाला, जिनिंग मिलच्या रस्त्यावर, कापसाच्या गच्च ट्रॉलीसकट तो जाम झाला. आठवडी बाजारात दिनकरराव तापमानाच्या काट्याचा हवाला देत सांगत सुटले, "काटा हिरव्यातच होता. बुढ्यानं जुनाच पिस्टन पुसून टाकला." मधुभाऊ एकेकाला समजावत राहिले, "काटा रेडिएटरातल्या पान्याची गरमी सांगते गा, भितीची नाई." कोणी ऐकलं नाही. गिऱ्हाईक वर्ध्याला जाऊ लागलं, आणि चाळीस वर्षं इंजिनं बांधणारा माणूस पंक्चर काढत बसला.

आणि मी? त्या ट्रॉलीतला कापूस माझा होता. आभाळ भरून आलं म्हणून घाई मीच केली होती. पन्नास तासांची अट मला पाठ होती... दिनकररावांची मला किळस येते, पण त्यांना निदान खोटं बोलावं लागलं. मला नुसतं गप्प बसणं पुरलं. एकदा चहा पिता पिता मधुभाऊंनी सहज विचारलं, "विलास, त्या दिवशी ट्रालीत किती माल होता गा?" घरातल्या विजेची युनिटंसुद्धा रोज लिहून ठेवणारा मी म्हणालो, "काही कल्पना नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कप विसळायला उठले.

मागच्या आठवड्यात मधुभाऊंच्या घरी वहिनींनी फडक्यात गुंडाळलेला, दिनकररावांच्या ट्रॅक्टरचा तो पिस्टन माझ्या हातात दिला. एका बाजूला वरपासून खालपर्यंत ओरखडे, धातू वितळून फरफटलेला. "तुमालेच द्या म्हनत होते," एवढंच त्या बोलल्या.

आमच्या बैठकीत तो समोरच ठेवलाय. घरी येणारा प्रत्येकजण विचारतो, हे काय? मी सांगतो, सतरा क्विंटल कापूस होता, माझा.