झोत खरा की योगायोग

लग्नाआधी मी मुंबईत एका खगोलशास्त्रज्ञ सरांकडे संख्याशास्त्राचं काम करत होते. नवरा मँगनीजच्या खाणीत फोरमन, म्हणून तुमसरजवळच्या चिखल्याला आले, आणि दुसऱ्याच वर्षी सासूबाईंची एक बाजू लुळी पडली. मग दोन खोल्यांच्या क्वार्टरबाहेर माझं जाणं बाजारापुरतंच उरलं. काळी धूळ आत येते म्हणून खिडक्याही बंद असत.

ऐंशी सालाच्या सुमारास सरांनी टपालाने एक जाड पाकीट पाठवलं. आत उपग्रहावरच्या दुर्बिणीने टिपलेलं एका दूरच्या क्वासारचं, म्हणजे आकाशगंगेच्या अतितेजस्वी गाभ्याचं, एक्स-रे चित्र होतं. चित्र कसलं, चौकटींचा कागदच. प्रत्येक चौकटीत किती किरण पडले त्याचा आकडा. बहुतेक ठिकाणी शून्य, नाहीतर एक. मधोमध क्वासारचे मोठे आकडे, आणि त्यांच्यापासून एका बाजूला गेलेली दोना-तिनांची पुसट रांग. सरांना वाटत होतं, तो क्वासारमधून सुटलेला झोत आहे. तशी रांग नुसत्या योगायोगाने पडू शकते का, हे मला शोधायचं होतं.

यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेल्या, अंकांच्या पुस्तकातून आकडे घेऊन, झोत नसलेल्या क्वासारची खोटी चित्रं मी हाताने बनवू लागले. एका चित्राला आठवडा जाई. सासूबाईंची कूस बदलून दिली की त्यांच्याच खाटेच्या कडेला वही टेकवायची.

"काय भरून राहिली व त्या घरांत?" त्यांनी एकदा विचारलं. मी सांगितलं, डोळे मिटून अंगणात धान फेकलं तर कधीकधी आपोआप रांग पडते. ही तशीच आहे का, ते पाहते.

वीस चित्रं झाली. एकात तेवढीच ठळक रांग आली. चित्रं फारच थोडी होती; एवढ्यावर काहीच ठरत नव्हतं, आणि मी तसंच कळवलं. सरांचं उत्तर आलं: कॉम्प्युटरवर वेळ मिळाला आहे, हजारो चित्रं काढता येतील, सहा महिने मुंबईला येऊन राहा.

पत्र नवऱ्याला वाचून दाखवलं. तो वाईट माणूस नव्हता. बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला, "तू गेल्यावर आईले कोन पाहीन?"

नणंदेचे दिवस भरत आले होते. दुसरं कोणी नव्हतं. मी नकार लिहिला आणि दोन दिवस सासूबाईंशी धड बोलले नाही, जणू त्या मुद्दाम आडव्या पडल्या होत्या.

दीड वर्षाने छापील लेख आला. काम दुसऱ्या कोणी केलं होतं. हजारो खोट्या चित्रांत तशी रांग क्वचितच पडली होती. झोत खरा होता. आभारांच्या ओळीत माझं माहेरचं नाव होतं.

सासूबाईंना सांगितलं, रांग खरी निघाली.

"मंग रडून काहून राहिली?"

मी म्हटलं, मलाही जायचं होतं.

त्या छताकडे पाहत राहिल्या. "मी तरी कुठी जाऊन राहिली, पोरी," म्हणाल्या.

त्या आणखी सहा वर्षं होत्या. त्या गेल्या तोवर सर निवृत्त झाले होते. मी तुमसरच्या एका शाळेत गणित शिकवायला लागले.