कंपनीचा पाहुणा

त्या सिक्युरिटी कंपनीच्या गार्डमंडळींत एक शब्द सतत कुजबुजत फिरायचा. पाहुणा.

"तुमच्या गेटवर पाहुणा येऊन गेला का हो?"

"आला की! लिफ्ट दुरुस्त करणारा होऊन आला. मी वर त्याला स्टूल नेऊन दिलं. खाली उतरल्यावर म्हणतो कसा, स्टूलाबद्दल आभारी आहे, पण तुम्ही नापास."

हा पाहुणा म्हणजे कंपनीनंच पगार देऊन ठेवलेला खोटा चोर. आपला गार्ड दारावर जागा आहे की नुसता उभा आहे, हे पाहायला कंपनी त्याला नाना सोंगांत पाठवायची. तो आत शिरला तर गार्ड नापास, बाहेर अडला तर पास. त्याचा खरा चेहरा मालक आणि एकदोन वरिष्ठ सोडले तर कुणालाही ठाऊक नव्हता.

गडी मूळचा नाटकवाला. नायक मात्र तो कधीच झाला नाही. त्यानं पोस्टमन केले, दुसरा शिपाई केला, तिसऱ्या अंकात येऊन "आता सगळं देवाच्या हाती" असं सांगत बॅग उचलणारा डॉक्टर केला. पण काय करायचा! त्याचा पोस्टमन विंगेतून आत आला, की पहिल्या रांगेतल्या बाईला वाटायचं, आपल्याच माहेरचं पत्र आलं. मग एक दिवस थिएटर बंद पडलं. मखमली खुर्च्या विकल्या गेल्या, पडदे विकले गेले, आणि ज्यांना कुणी विकत घेत नाही ती माणसं वाऱ्यावर राहिली.

त्या थिएटरच्या दारात तिकिटं फाडणारा एक डोअरकीपर होता. फुकट्या माणसाला त्याच्या चालीवरून ओळखायचा, आणि असा गोड बोलून परत पाठवायचा की तो दुसऱ्या दिवशी तिकीट काढून यायचा. बंद थिएटरला राखण हवीच होती. या बहाद्दरानं पडदा ओढणाऱ्या दोघांना हाताशी धरलं, नाटकातल्या पोलिसांचे जुने डगले निळ्या रंगात बुडवून काढले, तिघांच्या गळ्यात शिट्ट्या अडकवल्या आणि झाला सिक्युरिटी कंपनीचा मालक!

आधी थिएटर, मग शेजारचं कापडाचं दुकान, मग त्या दुकानदाराच्या मेहुण्याचं गोदाम. माणसं चोख, म्हणून एकाचं ऐकून दुसरा बोलवायचा. कारखाने आले, बँक आली. बायकांची झडती पुरुषांनी कशी घ्यायची, म्हणून बायकांची तुकडी उभी राहिली. रोकड नेणाऱ्या गाड्या आल्या, कॅमेऱ्यांवर नजर ठेवणारी कंट्रोल रूम आली, कुत्रीसुद्धा आली. रंगवलेले डगले कधीच गेले, पण मालकाला सगळे अजून डोअरकीपरच म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं.

आपल्या जुन्या नटाला त्यानं पहिल्या वर्षीच पाहुणा केलं होतं. पण तेव्हा कंपनी एवढीशी. नट कितीही वेष पालटून गेला तरी गार्ड लांबूनच ओरडायचा, "या काका, आज कोण झालात?" कंपनी वाढली, रोज नवी माणसं भरती होऊ लागली, आणि आमचा नट पुन्हा अनोळखी झाला. मग त्याला असा काही बहर आला म्हणता! एका गोदामात तेवढा कुत्र्यानं घात केला. भुंकायचं सोडून ते शेपूट हलवत बसलं, कारण आदल्या महिन्यात याच 'चोरा'नं त्याला बिस्किटं घातली होती. त्या दिवशी नक्की कोण नापास झालं यावर ऑफिसात बराच वाद झाला.

एवढ्या वर्षांत त्याला एक गोष्ट कळली होती. दमदाटीनं दार उघडत नाही, दयेनं उघडतं. आणि ओळखीनं तर सताड उघडतं.

घरी त्यानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. एक तर कंपनीचा नियम. दुसरं म्हणजे, जन्मभर नाटक करून म्हातारपणी खोटा चोर झालो, हे बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून घरी तो ऑफिसात फोन घेणारा बाबू होता.

पेच पडला तो जावयामुळे.

जावयाला गल्लीनं नाव ठेवलं होतं होयबा. देवमाणूस. फक्त 'नाही' हा शब्द त्याच्या जिभेला कधी शिवला नव्हता. भाड्यानं सायकली देण्याचं त्याचं दुकान होतं. लोक सायकल न्यायचे, आणि परत आणा म्हणायला याची जीभ रेटायची नाही. शेवटी दुकानात पंप तेवढा उरला. मग नवराबायको सासऱ्याच्या दोन खोल्यांत राहायला आली. होयबा दिवसभर घरात पाय न वाजवता वावरायचा, न सांगता पाणी भरायचा, आणि जेवताना कुणी "आणखी वाढू का?" म्हटलं की भूक असली तरी वर बघायचा नाही. मुलगी रात्री आईजवळ डोळे पुसायची. तिला घर वेगळं हवं होतं, नवऱ्याची मान ताठ व्हायला हवी होती. त्यासाठी नोकरी हवी होती.

सासरा डोअरकीपरकडे गेला.

"घेतो," डोअरकीपर म्हणाला. "पण एक ऐक. आपल्याकडे वशिल्यानं आलेला हा पहिला माणूस. महिनाभरात त्याच्या दारात पाहुणा जाईल. नापास झाला तर त्याच दिवशी बाहेर. नाहीतर बाकीचे माझ्या तोंडात शेण घालतील."

"मग दुसऱ्या कुणाला तरी पाठव."

"तूच जाणार. दुसऱ्यानं नापास केलं तर तू म्हणशील अन्याय झाला. आणि हेडबाई बाजूला बसून बघतील. तू मुद्दाम कच्चं सोंग केलंस तर त्यांना कळेल."

हेडबाई म्हणजे बायकांच्या तुकडीच्या प्रमुख. त्यांच्या नजरेतून टाचणी सुटायची नाही.

नोकरी लागली. मुलगी हरखली, पण बापाला एका बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, लोकांना अडवायचंच काम ना हो ते? यांना जमेल?"

"का नाही जमणार?" बाप म्हणाला. या वाक्याइतका वाईट अभिनय त्यानं आयुष्यात केला नव्हता.

आणि होयबाला पोस्ट कुठली मिळाली? हॉस्पिटलातल्या नवजात बाळांच्या वॉर्डाचं दार. सगळ्या कंपनीत अवघड. तिथं येणारा प्रत्येक जण आनंदानं वेडा झालेला किंवा काळजीनं अर्धा झालेला. बाळाच्या आईबरोबरच्या एका माणसाच्या मनगटावर नर्स हिरवी पट्टी बांधायची. ती असेल तरच आत, नसेल तर साक्षात बाळाचा आजोबाही बाहेर. कारण कधीकाळी, कुठल्याशा गावी, असाच कुणी 'आजोबा' बाळ उचलून चालता झाल्याची गोष्ट प्रत्येक गार्डला पहिल्याच दिवशी सांगितली जायची.

ठरल्या दुपारी पाहुणा आजोबा झाला. पांढरी मिशी, जाड चष्मा, पाठीला किंचित बाक, हातात लोकरीचं इवलंसं टोपडं. हेडबाई कॉरिडॉरमधल्या बाकावर विणकाम घेऊन आधीच बसल्या होत्या.

"थांबा आजोबा. मनगट दाखवता?" होयबानं अदबीनं विचारलं.

"काय दाखवू बाळा?"

"हिरवी पट्टी."

"ती जावयाच्या हातात आहे. तो गेलाय औषधं आणायला. मला एकदा नातवाचं तोंड बघू दे. लांबून आलोय. परतीची गाडी आहे. पुन्हा येणं होईल न होईल..."

होयबाचा चेहरा पडला. सायकल मागायला कुणी आलं की व्हायचा तसाच. त्याचा हात दाराच्या मुठीकडे गेला.

'अरे नको, नको ना!' आतला सासरा ओरडत होता. पण तोंड नटाचं. आणि समोर हेडबाई. नट टोपडं छातीशी धरून म्हणाला, "हे त्याच्या आजीनं विणलंय. ती आता नाही." डोळ्यांतून खरं पाणी आलं. पलीकडे एक परकी बाईसुद्धा डोळे पुसू लागली. हेडबाईंच्या सुया थांबल्या.

मुठीवरचा हात खाली आला.

"तुम्ही आधी बसा," होयबा म्हणाला. "मी सिस्टरना बोलावतो. पाणी घ्या." पेला द्यायला तो वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. त्याची नजर म्हाताऱ्याच्या पायांवर होती. मिशी बदलली, पाठ बदलली, बूट मात्र घरचेच! रोज सकाळी होयबा आपल्या बुटांबरोबर त्यांनाही पॉलिश करायचा.

"मामा?" त्यानं मान वर केली. "तुम्ही? ही मिशी कसली? घरी काही झालंय का?"

झालं! गार्डनं कंट्रोल रूमला कळवेपर्यंत पाहुण्यानं खेळ सोडायचा नाही, असा नियम होता. आणि आता तर खेळ ओळखीवर आला होता. आजवर ओळखीपुढे भलेभले नापास झाले होते. हा तर होयबा. तरी सासऱ्यानं पाठ सरळ केली.

"हळू बोला. होय, मीच आहे. आत ओळखीचं माणूस आहे, भेटायचंय. कारण घरी सांगतो. दार उघडा."

"पण पट्टी..."

"सासऱ्याला पट्टी मागता, जावईबापू? ही नोकरी कुणी लावली तुम्हाला? कुणाच्या घरात राहता?"

बोलला, आणि त्याचे स्वतःचेच कान तापले. असला दुष्ट माणूस त्यानं रंगमंचावरही कधी केला नव्हता.

होयबाच्या कपाळावर घाम फुटला. ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"नाही."

"काय म्हणालात?"

"नाही मामा. आत नाही जाता येणार." आता आवाज जरा मोठा होता. "तुम्ही माझे सगळे आहात. पण आतल्या बाळांचे तुम्ही कुणी नाही." आणि त्यानं सासऱ्याचं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी असती तर पिचली असती. दुसऱ्या हातानं त्यानं भिंतीवरचा फोन उचलला. "कंट्रोल रूम? नवजात वॉर्ड. एक गृहस्थ बिनपट्टीचे आत जायला बघतायत. खोटी मिशी आहे... हो, ओळखतो. माझे सासरे आहेत." पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारलं असावं. होयबानं फोन कानाशी घट्ट धरला. "हो साहेब. तरी माणूस पाठवा."

पाहुण्यानं मोकळ्या हातानं खिशातून कंपनीचं कार्ड काढलं. "अहो, हे बघा. परीक्षा होती. मी कंपनीचाच माणूस."

"मिशी आणलीत तसं कार्डही आणलं असेल," होयबा म्हणाला, आणि पकड ढिली केली नाही.

हेडबाईंनी सावकाश लोकर गुंडाळली, सुया पिशवीत ठेवल्या आणि त्या उठून आल्या. "पास," त्या म्हणाल्या. "सोडा आता त्यांना."

"आधी तुमचं ओळखपत्र दाखवा."

हेडबाई हसल्याचं त्या हॉस्पिटलनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी ओळखपत्र दाखवलं, कंट्रोल रूमला स्वतः फोन केला, तेव्हा कुठं मनगट सुटलं. सासरा बाकावर मटकन बसला. इतका हलका तो कुठल्याही पहिल्या प्रयोगानंतर झाला नव्हता. होयबानं म्हाताऱ्यासाठी आणलेला पाण्याचा पेला उचलला आणि स्वतःच गटागटा पिऊन टाकला.

ड्युटी संपल्यावर दोघं चालत निघाले.

"ते घराबद्दल बोललो ना," सासरा शेवटी म्हणाला, "ते मनातलं नव्हतं हो."

"तेवढं कळलं मामा. मनातलं असतं तर तुम्ही इतकं चांगलं बोलला नसता."

सासरा खो खो हसला. मग जरा घुटमळून म्हणाला, "एक करा. हे माझं काम घरी सांगू नका. फोनवालाच राहू द्या मला."

होयबा थांबला. विचार केला. "नाही मामा. हिच्याशी खोटं बोलणं मला नाही जमायचं."

आता एकदा दार उघडायला शिकल्यावर तो 'नाही' शब्द काय आत बसतोय!

घरी जाऊन होयबानं सगळं सांगितलं. सासरा मान खाली घालून बूट काढत राहिला. त्याची बायको कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"म्हणजे मिशा यासाठी होत्या!" ती म्हणाली. "कपाटात पिशवीभर मिशा आणि सदऱ्याच्या कॉलरला डिंक. मला काय दिसत नाही? मला वाटायचं, तुमची नोकरी कधीच गेली आणि तुम्ही कुठंतरी चोरून नाटकात कामं करताय. रोज जीव टांगणीला! पगार आणता तो कर्ज काढून आणत असाल, असं वाटून मी दोन वर्षं नवं लुगडं मागितलं नाही."

"अगं, मग विचारायचं नाही का?"

"विचारलं असतं आणि तुम्ही खरंच सांगितलं असतं तर?"

मुलीचं लक्ष तिकडं नव्हतंच. ती नवऱ्याकडे बघत होती. "तुम्ही? बाबांना? तोंडावर नाही म्हणालात?"

"हेडबाईंना विचार," होयबा पुटपुटला.

"मला कुणाला विचारायचं नाही. करून दाखवा दोघांनी."

"हो, करून दाखवा," बायको पाट ओढून बसली. "थिएटर बंद झाल्यापासून तुमचं काम बघितलं नाही मी."

मिशी पुन्हा चिकटली. टोपडं हातात आलं. स्वयंपाकघराचं दार झालं वॉर्डाचं दार, आणि होयबा हात आडवा धरून त्यात उभा राहिला. आजोबा आले. दुपारपेक्षाही जास्त लांबून आले, परतीची गाडी आणखी लवकरची होती, आणि आजीनं टोपडं मरणाच्या आदल्या दिवशी विणलं होतं. बायको हसता हसता रडू लागली, मुलगी म्हणाली, "सोडा हो आता बिचाऱ्याला!" हसून हसून होयबाला ठसका लागला, पण आडवा धरलेला हात काही त्यानं खाली घेतला नाही.