आत्याच्या अंघोळीचं पाणी

सुमनआत्या गेली त्या सकाळी तिला शेवटची अंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं.

आज वर्ष झालं.

दिवा स्टेशनजवळची तिची बिल्डिंग. टँकर दोन दिवस आलेला नव्हता. संदेशदादा, तिचा मुलगा, रिकामा ड्रम वाकवून वाकवून बघत होता.

तेवढ्यात समोरच्या अनिताकाकू आल्या. पाण्याच्या लाइनीत आत्याचं रोज यांच्याशीच वाजायचं.

प्यायच्या पाण्याचा भरलेला हंडा दारात ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या. आता मी भांडू कोणाशी?"

मग एकेक दार उघडलं. कोणी कळशी आणली, कोणी अर्धी बादली, कोणी नुसती बाटली.

मी आर्ट कॉलेजला आहे. आमच्या घरातली पहिलीच कॉलेजला गेलेली. कल्याणहून आत्याकडे गेले की तिला चित्रं दाखवायचे. माझा चेहरा, माझे हात, माझी खिडकी, माझी भीती.

"सगळीकडे तूच गं? बाकीचे काय मेले काय?"

तिनेच मला कामाला लावलं.

तिथे लाइनीत माणसं नाहीत, कॅन उभे असतात. सारखे दिसले की अदलाबदल होते. म्हणून मी सगळ्यांच्या कॅनवर ऑइलपेंटने खुणा काढून दिल्या. मासा, पतंग, जास्वंद.

आत्याला मिरची.

"शोभते हो हिला," अनिताकाकू म्हणाल्या.

"तुझ्या कॅनवर कारलं काढायला सांगते, थांब," आत्या.

तिथे बसून मी पहिल्यांदा दुसऱ्यांना काढलं. टँकरची वाट बघून कामाचा खाडा झालेली बाई. कॅनवर डोकं टेकून झोपलेली शाळेतली मुलगी.

त्यानंतर माझी खिडकी काढावीशीच वाटेना.

यंदा फायनलला मी त्या सकाळचं चित्र केलंय. दारात ठेवलेली भांडी. उद्या डिस्प्ले.

सर म्हणाले, "टायटल दे, 'पाण्याचा बळी'. लोक थांबतील."

मी लेबल लिहिलंसुद्धा. आणि पुन्हा वाचलं.

आत्या हार्ट अटॅकने गेली. झोपेत.

पाण्याने तिची कंबर मोडली, वर्षानुवर्षं झोप खाल्ली. पण पाण्यानेच तिला मारलं, हे मला माहीत नाही. जे माहीत नाही ते तिच्या नावावर कसं लिहू?

आणि नाही लिहिलं तर? लोक "छान कलर्स" म्हणतील आणि पुढे जातील.

आज वर्षश्राद्धाला गेले तेव्हा दादाला विचारलं. वाटलं चिडेल, आईचं मरण भिंतीवर लावते म्हणून.

तो पत्रावळी उचलत होता. वर न बघताच म्हणाला, "खोटं नको लिहू. पण पाणी नव्हतं, हे लिही. ते कोणाच्या बापाला नाकारता येणार नाही."

तिथेच बसून नवीन लेबल लिहिलं:

"सुमन गेली तेव्हा टँकर आलेला नव्हता. हे पाणी शेजाऱ्यांनी स्वतःच्या प्यायच्या पाण्यातून दिलं. संध्याकाळपर्यंत तेही तहानलेले राहिले."

शेवटचं वाक्य अनिताकाकूंना विचारून लिहिलं. खरं आहे ना, म्हणून.

"खरंय," त्या म्हणाल्या. "पण माझं नाव नको टाकू हां. ती वरून म्हणेल, मिरवते मेली."

हसल्या. मग पदर तोंडाला लावून बसून राहिल्या.

सुमनआत्या, तुला आमच्या सगळ्यांचा नमस्कार.

नीट जा गं.