बिनशिंगाचा नर

शैला गुंजाळ गेल्याची बातमी मला कॉलेजच्या जुन्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. बातमीसोबत कुणीतरी घाईघाईने बनवलेलं चित्र होतं. मधोमध शैलाचा पासपोर्टचा फोटो, खाली 'कीटकप्रेमी प्राध्यापिकेस भावपूर्ण श्रद्धांजली' आणि चारी कोपऱ्यांत फुलपाखरं. जिने उभ्या आयुष्यात फुलपाखरासाठी कधी मान वर केली नाही, तिला निरोप द्यायला फुलपाखरं... त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. ती नेमकं काय करत होती, हे त्या हातांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. मी फोन पालथा ठेवला आणि तिच्या घरी निघाले.

शैला शेणकिड्यांचा अभ्यास करायची. गुराचं शेण पडलं की त्याखाली माती उकरून शिरणारे, काळे, नखाएवढे भुंगेरे. कोणता भुंगेरा कोणत्या प्रजातीचा आणि तो कुठून कुठवर सापडतो, एवढाच तिचा प्रश्न, आणि त्यासाठी ती नगर जिल्हा पावसाळाभर पायाखाली घालायची. आपल्याकडे बाईने शेणात हात घालण्याचं कुणाला काही वाटत नाही, पण पीएच.डी. झालेल्या बाईने घातला की स्टाफरूमला हसू आवरत नाही. "काय गुंजाळ मॅडम, आज काय सापडलं?" असं कुणी नाक दाबून विचारलं, की ती शांतपणे म्हणायची, "तुमच्यापेक्षा जास्त राबणारं एक जनावर." मी रसायनशास्त्र शिकवायचे. नमुने बुडवून ठेवायला ती माझ्याकडे स्पिरिट मागायला आली, तीच आमची ओळख. त्या स्टाफरूममध्ये बसून गप्पा मारण्यापेक्षा हिच्याबरोबर शेण उकरलेलं बरं, असं मला फार लवकर वाटायला लागलं.

एका पावसाळ्यात मी तिच्याबरोबर आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले गावी गेले होते. तिथून जीपने भंडारदऱ्याच्या बाजूला, भातखाचरांच्या कडेने. म्हशी घेऊन चाललेल्या एका म्हातारीने आम्हाला बांधावर बसलेलं पाहिलं आणि काठी टेकून उभीच राहिली.

"बाई, शेनात काय हारवलंय तुमचं?"

"काय न्हाई मावशे, किडं हुडकतेय," शैला म्हणाली. ती घोडेगावजवळच्या वस्तीवर वाढलेली. ही भाषा तिला मुद्दाम आणावी लागत नसे, ती आपोआप तोंडातून सुटत असे.

"किडं व्हय? मंग इथं पावसात कशाला बसता? गोठ्यात या, लई हायेत."

आम्ही खरोखरच तिच्या गोठ्यात गेलो, चहा प्यालो आणि डबी भरून भुंगेरे घेऊन आलो. माझ्या नोकरीतल्या कुठल्याही चर्चासत्रापेक्षा ती दुपार मला जास्त आठवते.

याच अकोल्यातून पुढे सगळं बिनसलं. बाहेरच्या एका विद्यापीठातले एक नामवंत प्राध्यापक आमच्या कॉलेजात पाहुणे म्हणून आले. गाडीतून डोंगर पाहिले, आमच्या मुलांनी गोळा केलेले थोडे भुंगेरे खिशात घातले आणि काही महिन्यांनी जाहीर केलं, की त्यात एक नवी प्रजाती आहे. डोक्यावर शिंगं नसलेली, जगात फक्त अकोल्याच्या डोंगरात सापडणारी. तिला त्यांनी आमच्या तेव्हाच्या प्राचार्यांचं नाव दिलं. आडनावाच्या शेवटी लॅटिन पद्धतीने एक 'आय' जोडून. प्राचार्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. प्रवेशद्वारावर फ्लेक्स लागला. त्यावर प्राचार्य मोठे, पाहुणे मध्यम आणि भुंगेरा सगळ्यात लहान, तोही उलटा छापलेला. सत्कार झाला, शाल झाली, फेटे झाले. आपलं नाव शेणात अमर झालंय, हे त्या गृहस्थांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. सगळे टाळ्या वाजवत राहिले.

शैला फ्लेक्ससमोर बराच वेळ उभी होती. मग मला म्हणाली, "हा नवा नाही. आपल्या जुन्याच भुंगेऱ्याचा उपाशी राहिलेला मुलगा आहे."

तिचं म्हणणं समजायला सोपं होतं. या भुंगेऱ्यांची मादी शेणाचा गोळा जमिनीखाली नेते आणि त्यात अंडं घालते. आतल्या अळीला पोटभर शेण मिळालं तर नर मोठा होतो, त्याला शिंगं येतात. कमी मिळालं तर नर बारका राहतो आणि शिंगं येतच नाहीत. जात तीच, आईही तीच. प्रत्येक प्रजातीत वेगळा असणारा नराच्या पोटातला कडक जननावयव नामवंतांनी काढून तपासला असता तरी त्यांना हे कळलं असतं, पण तेवढं करायला खाली बसावं लागतं.

शैला खाली बसली. घराच्या गच्चीवर तिने मातीच्या बादल्या मांडल्या. एकेका बादलीत एकच जोडी सोडली, मादीने पुरलेले गोळे बाहेर काढले, काही तसेच ठेवले आणि काहींमधलं शेण चमच्याने कमी केलं. तिचे यजमान दिलीपराव नागापूरच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये होते. त्यांनी बादल्यांना बारीक जाळीची झाकणं करून दिली आणि वासाची तक्रार घेऊन आलेल्या शेजाऱ्यांना रोज तोंड दिलं. त्याचबरोबर शैला जिल्हाभर हिंडत होती. 'फक्त अकोल्यात' सापडणारा तो बिनशिंगी भुंगेरा तिला घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात सापडला, वाटेत इतरही ठिकाणी सापडला, आणि प्रत्येक ठिकाणी शिंगवाल्याच्या शेजारीच. गच्चीवरही तेच झालं. एकाच आईच्या गोळ्यांतून दोन्ही तऱ्हेचे नर बाहेर आले.

लेख पाठवण्याआधी ती प्राचार्यांना भेटायला गेली. मीही बरोबर होते. त्यांनी ऐकून घेतलं, पेपरवेट फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही माझ्याविरुद्ध करताय."

"सर, मी भुंगेऱ्याबद्दल बोलतेय."

"संस्थेचा मान आहे त्यात. थोडं थांबलं तर काय बिघडेल? मी निवृत्त झालो की छापा."

"नाव चुकीचं आहे," शैला म्हणाली. "तुम्ही निवृत्त झालात म्हणून ते बरोबर होणार नाही, आणि न झालात म्हणूनही नाही."

लेख छापून आला. प्राचार्यांचं नाव जुन्या नावाखाली, रद्द झालेल्या नावांच्या ओळीत जाऊन बसलं. शास्त्रात याची बोंबाबोंब होत नाही. कॉलेजात झाली. कसलीशी तपासणी समिती येणार म्हणून शैलाची प्रयोगशाळेशेजारची खोली रिकामी करून घेतली गेली आणि तिथे सोफा आला. पाहुण्यांना बसायला. तिच्या कीटकांच्या पेट्या जिन्याखाली, गळक्या नळाशेजारी ठेवल्या गेल्या. एका पावसाळ्यात निम्म्या पेट्यांना बुरशी धरली. तिने त्या उघडून पाहिल्या तेव्हा मी शेजारी होते. ती रडली नाही. पंख गळलेला एक भुंगेरा चिमट्याने उचलून पाहिला आणि परत ठेवला. "मूर्ख आहेत," एवढंच म्हणाली आणि उरलेल्या पेट्या रिक्षात घालून घरी घेऊन गेली. त्यानंतर कॉलेजात तिने फक्त तास घेतले. काम घरी केलं, आजारी पडेपर्यंत, आणि पडल्यावरही.

गेल्या महिन्यात कॉलेजने शोकसभा घेतली. निवृत्त प्राचार्य अध्यक्ष होते. शैला माझ्या मुलीसारखी होती, असं म्हणाले. मग जरा थांबून, चष्मा पुसून म्हणाले, "माझ्या नावाच्या भुंगेऱ्यावर शैलाताईंनी फार मोलाचं संशोधन केलं..." सभागृहाने माना डोलावल्या. मी उठले. माझं नाव वक्त्यांत नव्हतं.

"सर, त्या नावाचा भुंगेरा नाही," मी म्हणाले. "तो नाही, हेच तिचं संशोधन."

सूत्रसंचालकाने घाईने दोन मिनिटं स्तब्धता जाहीर केली आणि आम्ही सगळे उभे राहिलो. प्राचार्यांनी डोळे मिटले होते. त्यांना लाज वाटली असेल, अशी आशा मी धरली नाही. शेजारी दिलीपराव उभे होते. त्यांनी माझ्याकडे न पाहता माझी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि सभा संपेपर्यंत धरून ठेवली.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेले होते. शैलाच्या इच्छेप्रमाणे सगळ्या पेट्या दुसऱ्या शहरातल्या सरकारी संग्रहालयाने नेल्या. कॉलेजला एक भुंगेराही द्यायचा नाही, असं तिने बजावून ठेवलं होतं. तिच्या खोलीतली कपाटं आता रिकामी आहेत. दिलीपरावांनी एक कपाट उघडलं तर आतून डांबरगोळ्यांचा सणसणीत वास आला. पेट्यांना कीड लागू नये म्हणून शैला या गोळ्या कप्प्याकप्प्यांत टाकायची. तिच्या साड्यांना, पर्सला, तिने दिलेल्या पुस्तकांनाही तोच वास यायचा.

कप्प्यांत पांढऱ्याशुभ्र, नव्या गोळ्या होत्या.

"भाऊजी, आता कशाला टाकल्या? आत तर काहीच नाही."

"वास जायला लागला होता, ताई," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.